पहिले काडतूस देण्याआधी डोळा तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्याची भरभरून दखल घेतली, आणि ते योग्यच होते. त्याच ऑलिंपिकमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचे स्कीट, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीने (शॉटगनने) उडत्या तबकड्या फोडण्याच्या खेळातले, मिश्र सांघिक कांस्यपदक चीनच्या जोडीविरुद्ध ४३-४४ असे, म्हणजे अवघ्या एका तबकडीने हुकले. ही बातमी मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटली असावी. राज्यवर्धन सिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅप, म्हणजे एकाच वेळी सुटणाऱ्या दोन तबकड्यांच्या प्रकारात रौप्यपदक मिळवले, त्या दिवसापुरता शॉटगनचा खेळ घराघरांत पोहोचला होता. पुढे तो प्रकारही ऑलिंपिकमधून गेला आणि आपल्याकडची चर्चा पुन्हा रायफल आणि पिस्तूल यांच्यापुरती उरली.

मी या खेळातली तज्ज्ञ नव्हे. फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवते आणि चार वर्षांपूर्वी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, धाकट्या भावाच्या आग्रहाने घाटापलीकडच्या एका रेंजवर पहिल्यांदा बारा बोअरची दुनळी बंदूक हातात घेतली. पहिल्या फेरीत पंचवीसपैकी चार तबकड्या फुटल्या. आज बऱ्या दिवशी अठरा-एकोणीस फुटतात. एवढ्या शिदोरीवर पत्र लिहिण्याचे धाडस करते, कारण यंदाच्या मे महिन्याच्या सुट्टीत तीन वेगवेगळे पालक मुलांना या खेळात घालण्याविषयी विचारायला घरी आले आणि तिघांचेही प्रश्न तेच होते: बंदूक कोणती घ्यावी आणि महिन्याला काडतुसे किती लागतील. मुलाचा प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना नजर ज्याच्यावर विसंबते तो डोळा, कोणता, हे तपासले का, असे मी विचारले तेव्हा तिघेही माझ्याकडे पाहत राहिले. मलाही हा प्रश्न पहिले पूर्ण वर्ष कोणी विचारला नव्हता.

गोव्यात या बाबतीत आणखी एक गैरसमज घराघरांत आहे. कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, असलेल्या कितीतरी घरांत शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक असते. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर पुन्हा आपल्या खुंटीला येते. आमच्याही घरी सासऱ्यांच्या नावावर तशी एकनळी होती. खेती (माकडे) आणि रानडुकरे बागेत शिरली की पडवीतून एक बार काढायचा, आवाजाने ती पळायची, काम झाले. त्यामुळे ‘आमच्या घरात बंदूक तीन पिढ्यांची, पोराला शिकवायला काय लागते’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तो अनुभव टाकाऊ नाही; बंदुकीचा धाक आणि अदब त्यातून येते. पण उडत्या तबकडीच्या बाबतीत तोच अनुभव आडवा येतो, कारण घरी शिकलेला माणूस नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमासाठीचा बारीक मणी, आणि लक्ष्य एका रेषेत आणतो, क्षणभर थांबतो आणि मग चाप ओढतो. थांबलेल्या लक्ष्यासाठी हे बरोबर आहे. तबकडी थांबत नाही.

थोडे गणित सांगते, कारण ते समजल्यावर माझी अर्धी भीती गेली. तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे १०५ ग्रॅम वजनाची असते. तिला क्ले म्हणतात, पण तिच्यात माती नसते. डांबरासारखी पिच आणि चुनखडीची भुकटी यांची ती बनते. स्कीटच्या मैदानावर मधल्या जागेवरून नेमबाजापासून वीसेक मीटरवर ती आडवी जाते, तेव्हा तिचा वेग सेकंदाला साधारण वीस मीटर असतो. छर्ऱ्यांना तेवढे अंतर कापायला सेकंदाचे सहा शतांश लागतात. या इवल्या वेळात तबकडी सव्वा मीटर पुढे निघून गेलेली असते. म्हणजे नेम तबकडीवर अगदी अचूक धरला, तरी छर्ऱ्यांचा थवा तिच्या मागून जाणार. नवशिक्याचे आडवे बार बहुधा मागेच पडतात, त्याचे कारण हे आहे. बंदूक तबकडीच्या पुढे हवी (हीच आघाडी) आणि चाप ओढताना व ओढल्यानंतरही ती चालती हवी. किती पुढे, ते मोजायला नजर तबकडीवरून काढून माशीवर आणली, की हात आपोआप थांबतो. हे मी शंभरदा अनुभवले आहे. विटी-दांडू खेळणाऱ्या पोराची नजर विटीवर असते, दांडूच्या टोकावर नसते, आणि तरी दांडू विटीपाशी पोहोचतो. शॉटगनचे तसेच आहे. तबकडीची पुढची कड डोळ्यांनी घट्ट धरायची, माशी कडेला धूसर दिसली तर दिसू द्यायची.

आता डोळ्याविषयी. मी उजव्या हाताची, म्हणून बंदूक उजव्या खांद्याला लावली; ती कोणीतरी तशीच हातात दिली होती. स्कीटच्या मैदानावर डाव्या टोकाला उंच घर असते आणि उजव्या टोकाला बुटके घर. उंच घरातली तबकडी डावीकडून उजवीकडे जाते, बुटक्या घरातली उलट. शिक्षकी पेशाच्या सवयीने मी पहिल्या दिवसापासून वहीत प्रत्येक बार नोंदवत होते, आणि वहीत अगदी स्वच्छ दिसत होते की बुटक्या घरातल्या तबकड्यांपैकी निम्म्याच्या जवळपास फुटतात आणि उंच घरातल्या जवळजवळ एकही नाही. शिकवणाऱ्यांना वही दाखवली, तेव्हा ‘ती उंचावरून येते, म्हणून अवघड वाटते, बाईंच्या हातात जोर कमी आहे, काडतुसे वाढवा’ असे उत्तर मिळाले. मी वाढवली. त्या वर्षी बोनसची रक्कम कशी गेली, ते घरात अजून मधूनमधून निघते.

वर्षभराने दुसऱ्या एका रेंजवर एका वयस्क प्रशिक्षकांनी वही पाहिली, बंदूक हातात घेऊच दिली नाही आणि दोन्ही हात समोर ताठ करून तळव्यांमध्ये एक लहानसा त्रिकोण करायला सांगितला. त्या त्रिकोणातून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, मैदानाच्या पलीकडच्या माडाचा शेंडा पाहायचा होता. पाहिला. ‘आता डावा डोळा मिटा.’ मिटला आणि माड त्रिकोणातून नाहीसा झाला. उजवा मिटून डावा उघडला, तर माड जागच्या जागी. माझा हात उजवा आणि प्रबळ डोळा डावा आहे, हे मला असे कळले. त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीतली पांढरी चिकटपट्टी नखाएवढी फाडली आणि माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर, बंदूक गालाला लागल्यावर माशी जिथे दिसते नेमक्या त्या जागी, चिकटवली. बाकीची काच मोकळीच होती, त्यामुळे मैदान दोन्ही डोळ्यांनी दिसत होते, फक्त माशी डाव्या डोळ्याला दिसत नव्हती. त्यानंतरच्या उंच घरातल्या दहा तबकड्यांपैकी सहा फुटल्या.

घरी येऊन मी आकृती काढली. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास असते आणि डोळ्यापासून माशीपर्यंत जवळजवळ एक मीटर. बंदूक उजव्या डोळ्याखाली आणि नेम धरणारा डोळा डावा असेल, तर वीस मीटरवर नळी लक्ष्याच्या डावीकडे सुमारे सव्वा मीटर रोखलेली असते. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या तबकडीला हवी असलेली आघाडी हीच, म्हणजे माझी चूकच मला ती तबकडी फोडून देत होती. उलट दिशेच्या तबकडीला मात्र मी दुप्पट मागे मारत होते. हाताच्या जोराचा त्यात काहीही संबंध नव्हता. ज्यांचे मूल अजून लहान आहे, त्यांनी चिकटपट्टीच्या भानगडीत न पडता बंदूक सरळ प्रबळ डोळ्याच्या बाजूच्या खांद्यावर लावायला शिकवावी, असे मला वाटते. नवीन माणसाला डावा-उजवा दोन्ही खांदे सारखेच परके असतात. माझ्यासारख्यांना पट्टी पुरते. एक डोळा मिटण्याचाही मार्ग आहे, पण त्यात तबकडी उशिरा दिसते आणि तिच्या अंतराचा अंदाज बिघडतो.

डोळ्याखालोखाल कुंदा, म्हणजे बंदुकीचा खांद्याला लागणारा मागचा भाग. रेंजवर भाड्याने मिळणाऱ्या बंदुकांचे कुंदे उंचापुऱ्या पुरुषाच्या मापाचे असतात. मी पाच फूट एक इंच. कुंदा वर आणताना तो काखेत अडकायचा, मग मी टाचांवर रेलायचे, बंदूक खांद्याच्या खोलगट जागेऐवजी दंडावर टेकायची आणि रात्री तिथे जांभळा डाग दिसायचा. साधा ठोकताळा असा, की बंदूक नीट लागली असताना नाकाचे टोक आणि चापाकडच्या हाताचा अंगठा यांत दोन ते तीन बोटांचे अंतर राहावे. उंचीही पाहावी लागते. रिकामी, उघडून खात्री केलेली बंदूक आरशासमोर डोळे मिटून गालाला लावावी आणि डोळे उघडावेत. बाहुली नळीवरच्या पट्टीच्या किंचित वर आणि बरोबर मध्यावर दिसायला हवी. शॉटगनला मागचा नेम नसतो. मागचा नेम म्हणजे तुमचा डोळाच, आणि त्याची जागा गाल ठरवतो. गाल कुंद्यावरून अर्धा इंच उठला, तरी बार तबकडीच्या वरून जातो. कुंद्याच्या टोकाची रबरी गादी बदलून लांबी बरीच कमी करता येते, हे मला दीड वर्षाने कळले.

सगळ्यात मोठी सुधारणा मात्र रेंजवर नव्हे, घरात झाली, आणि एकही काडतूस न उडवता झाली. माझा परवाना व्हायचा होता, म्हणून गावातल्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचा कुंदा आणि पुढे नळीएवढा दांडा असा एक ठोकळा करून घेतला. वजन तीन किलोच्या वर भरले. त्याच्या टोकाला पेन्सिलीएवढी लहान विजेरी बांधली. आमचे घर जुने, कौलारू. रात्री जेवणे आटोपल्यावर माजघरातला दिवा घालवायचा, ठोकळा कमरेपाशी धरायचा, नजर आढ्याच्या एका टोकावर लावायची आणि उजेडाचा ठिपका आढ्यावरून सरळ रेषेत दुसऱ्या टोकापर्यंत नेत नेत, वाटेतच ठोकळा गालाला आणि लगेच खांद्याला लावायचा. गाल लागण्याच्या क्षणी ठिपका आढ्यावरून उडी मारून कौलांवर गेला, तर समजायचे की मान खाली झुकली किंवा मागच्या हाताने घाई केली. बंदूक गालापाशी यायला हवी, गाल बंदुकीपाशी नव्हे. रोज पंचवीस वेळा, त्याहून जास्त नाही, कारण दमलेला हात चुकीचेच शिकतो. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात ‘पाल दिसली का गो?’ असे विचारून घेतले. महिन्याभरात ठिपका आढे सोडीनासा झाला आणि त्यांनीच शेजारणीला प्रात्यक्षिक दाखवायला बोलावले. जून ते सप्टेंबर गोव्यात बाहेर उभे राहणे अवघड असते, तेव्हा या सरावाला यासारखा मोसम नाही.

रेंजवर गेल्यावर नवशिक्याने पहिल्याच दिवशी पूर्ण फेरी खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पंचवीस वेगवेगळ्या कोनांच्या तबकड्यांवर पंचवीस वेगवेगळ्या चुका होतात आणि शिकायला काहीच उरत नाही. स्कीटच्या सातव्या, म्हणजे बुटक्या घरालगतच्या, जागेवरून त्या घरातली तबकडी जवळजवळ सरळ समोर निघून जाते. तिला पुढे मारावे लागत नाही. ती दहापैकी आठ वेळा फुटेपर्यंत तिथून हलू नये. मग एक-एक जागा मध्याकडे सरकत आघाडी वाढवत न्यावी. ट्रॅप या दुसऱ्या प्रकारात बंदूक आधीच खांद्याला लावलेली चालते, ही सोय आहे. पण खंदकातल्या यंत्रांतून तबकडी डावी-उजवीकडे ४५ अंशांपर्यंत कुठेही जाऊ शकते आणि ती दूर पळणारी असते. स्कीटमध्ये मार्ग ठरलेले असतात, फक्त स्पर्धेत बंदूक कमरेपाशी धरून उभे राहावे लागते आणि हाक दिल्यावर तबकडी लगेच ते तीन सेकंद यांत केव्हाही सुटते. सुरुवातीला स्कीटच्या मैदानावर, बंदूक खांद्याला लावूनच, हा मधला मार्ग मला मानवला. उभे राहताना पाय तबकडी जिथे फोडायची तिकडे रोखावेत, पुढच्या पायावर थोडे जास्त वजन घ्यावे आणि मग कमरेतून मागे वळून तबकडी जिथून दिसते तिथे यावे. उलट केले, तर बार काढायच्या जागी पोहोचेपर्यंत कंबर आखडते आणि बंदूक थांबते.

वहीचा आग्रह मी धरते, पण वहीत नुसते किती फुटल्या हे लिहून उपयोग नाही. चुकली ती मागे, पुढे, वर की खाली. मान उठली का. चाप ओढताना डोळे मिटले का, हे लिहावे. स्वतःला कळत नसेल, तर मागे उभ्या असलेल्या जाणत्या माणसाला विचारावे, कारण त्याला नळीच्या रेषेतून पुष्कळदा छर्ऱ्यांचा थवा पुसटसा दिसतो. डोळे मिटणे हे धक्क्याच्या धास्तीने होते आणि त्यावर उपाय हलके काडतूस हा आहे. स्पर्धेतच २४ ग्रॅम छर्ऱ्यांची मर्यादा आहे, तेव्हा सरावाला त्याहून जड काडतूस घेण्यात कसला पुरुषार्थ, ते मला कळलेले नाही. साडेसात नंबरच्या २४ ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास छर्रे असतात, नऊ नंबरच्या तेवढ्याच वजनात पाचशेच्या आसपास. जवळच्या स्कीटला बारीक छर्रे आणि उघडी नळी, दूरच्या ट्रॅपला जाड छर्रे आणि आवळ चोक (नळीच्या तोंडाशी असलेली आवळणी), एवढे पहिल्या वर्षाला पुरते. चोक बदलत बसणे हा नवशिक्यांचा आवडता उद्योग आहे. सव्वा मीटरची चूक चोक भरून काढत नाही.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, कारण चांगल्या रेंजवर ते बजावून सांगतातच. बंदूक आपल्या जागेवर उभे राहिल्यावरच भरायची, एरवी ती सांध्यातून दुमडून उघडी ठेवायची. कान आणि डोळे झाकल्याशिवाय मैदानाजवळ फिरकायचेही नाही. एक धोका मात्र घरच्या बंदुका हाताळणाऱ्यांना ठाऊक नसतो: वीस बोअरचे, म्हणजे बाराहून बारीक, काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेले, तर ते पुढे सरकून अडकते, मागून नळी रिकामी वाटते आणि वर बारा बोअरचे काडतूस घालून चाप ओढला, की नळी फुटते. दोन्ही काडतुसे एका खिशात कधीही ठेवू नयेत. तसेच, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक गाडीत घालून थेट रेंजवर नेता येईल, असे कोणी समजू नये. परवान्यावर उद्देश आणि क्षेत्र लिहिलेले असते, ते वाचावे आणि परवाना देणाऱ्या कार्यालयात आधी विचारावे. २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत स्वतःचा परवाना मिळत नाही. त्याहून लहान मुलांना नियमांतल्या अटींवर, देखरेखीखाली, प्रशिक्षणापुरतीच बंदूक वापरता येते.

गोव्यात कोणी हौशी मंडळी मोकळ्या रानात किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधावर तबकड्या उडवण्याचा बेत करत असतील, तर त्यांच्यासाठी एक हिशेब देते. १२५ तबकड्यांच्या एका स्पर्धेत, प्रत्येकीवर एकच बार धरला तरी, एक नेमबाज तीन किलो शिसे जमिनीवर टाकतो. पाणपक्षी खड्यांसोबत हे छर्रे गिळतात आणि शिशाच्या विषबाधेने मरतात. कुडचड्याजवळच्या नंदा तळ्याला २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळालेल्या आणि करमळीच्या तळ्यावर दर थंडीत पाहुणे पक्षी उतरणाऱ्या आपल्या राज्यात, पाणथळ जागेच्या दिशेने एकही बार जाता कामा नये.

प्रशिक्षण देणाऱ्या सर्वांना आपल्या दैनिकामार्फत माझी एवढीच विनंती आहे, की नवीन मूल किंवा माझ्यासारखी प्रौढ बाई दारात आली, तर पहिल्या दिवशी काडतुसाचा खोका फोडू नये. हाताच्या त्रिकोणातून माड पाहायला सांगावे, कुंदा मापून द्यावा आणि चिकटपट्टीचा एक रोल पेटीत ठेवावा. माझ्याकडे आलेल्या तीन पालकांपैकी एकाची मुलगी डाव्या डोळ्याची निघाली. ती आता लाकडी ठोकळा डाव्या खांद्याला लावून त्यांच्या माजघरात सराव करते.

आपली विश्वासू,
एक वाचक शिक्षिका,
सावईवेरे, फोंडा